कळकलेला चक्का

गुढीपाडव्याला आईनं श्रीखंडाचा पहिला घास तोंडात घेतला, जराशी थांबली आणि हळूच म्हणाली, "कळकलंय गं हे."

श्रीखंड घरचंच होतं. दही घरी लावलेलं, पंच्यात बांधून रात्रभर टांगलेलं. सकाळी मिळालेला घट्ट चक्का डब्यात भरून मी फ्रिजमध्ये ठेवला होता. पाडव्याला तो पुरणयंत्रातून काढला, साखर, वेलदोडा, जायफळ, दुधात खललेलं केशर सगळं घातलं. कशात काही कमी नव्हतं. आईनं म्हटल्यावर मी चाखून पाहिलं आणि केशराच्या खालून लसूण वर आला. थंडीभर त्याच डब्यात लसणीची चटणी होती. ती संपूनही महिना झाला होता. मी तो डबा गरम पाण्यानं, लिंबाच्या सालीनं, डाळीच्या पिठानं घासून दोन दिवस उन्हात ठेवला होता. कोरड्या डब्याला नाक लावलं तर वास येत नव्हता. स्निग्ध चक्का रात्रभर त्यात राहिला आणि डब्यानं धरून ठेवलेलं सगळं त्यात उतरलं.

"पितळेच्या भांड्यात ठेवलं होतंस का?"

"नाही गं आई. प्लॅस्टिकच्या डब्यात."

"मग तेच की," आई म्हणाली आणि पुरी भाजीला लावून जेवू लागली.

आईचं वय एक्याऐंशी. तिच्या तोंडून तो शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. माझ्या मुलीला तो ठाऊकच नव्हता. कळकणं म्हणजे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात राहून बिघडणं. ताक कळकतं, कढी कळकते, चिंचेची आमटी कळकते. आंबटपणात तांबं विरघळतं, चव तुरट, धातूसारखी होते, कडेला हिरवट झाक येते, आणि असं कोणी खाल्लं तर पोट ढवळून उलट्या होतात. हे रसायन माझ्या आजीला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण तिच्याकडे त्याच्यासाठी एक क्रियापद होतं आणि त्या क्रियापदाभोवती सगळं स्वयंपाकघर मांडलेलं होतं.

आमचं घर कराडचं. वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कडेला खड्डा खणून तो त्यात भात्याचं तोंड पुरायचा, वर कोळसे रचायचा. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर उठायचा, नाकाला झोंबायचा. मग कथिलाची कांडी भांड्याला टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथिल गरगर फिरवायचं. काळं पातेलं बघता बघता चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं धूर चुकवत तिथंच बसून असायचो. कथिल २३२ अंशांना वितळतं. म्हणूनच आजी ओरडायची, "रिकामं भांडं चुलीवर ठेवू नका गं, कल्हई उतरेल." लोणचं चिनी मातीच्या बरणीत, वर दादरा बांधून. मीठ सटात. ताक कल्हईच्या भांड्यात, आणि कल्हई उडाली असेल तर मातीच्या मडक्यात. कशात काय ठेवायचं याचा विचार पदार्थ शिजवण्याआधी व्हायचा.

पुढे स्टील आलं आणि कल्हईवाला यायचा थांबला. स्टीलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आंबट, खारट, तेलकट, बहुतेक सगळं ते निमूट सांभाळतं. त्यानंतर प्लॅस्टिक आलं. बोहारीण जुन्या साड्यांवर आधी स्टीलची पातेली द्यायची, पुढे तिच्या टोपलीत रंगीत टब आणि झाकणांचे डबे दिसू लागले. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्या घरी नळ येण्याआधी आई आडावरून पितळेची कळशी कमरेवर घेऊन यायची. प्लॅस्टिकची कळशी आली तेव्हा तिच्या कमरेला पहिल्यांदा आराम मिळाला. प्लॅस्टिकला नुसती नावं ठेवणाऱ्यांनी ती कळशी कधी उचललेली नसते.

पण स्वयंपाकघरात प्लॅस्टिकनं एक गोष्ट हळूच काढून घेतली. ते फुटत नव्हतं, गंजत नव्हतं, हिरवं पडत नव्हतं, त्याला कल्हई लागत नव्हती. मग कशात काय ठेवायचं हा प्रश्न कुणी विचारीनासं झालं. आईस्क्रीमच्या डब्यात मेतकूट, मिठाईच्या डब्यात डोशाचं पीठ, हॉटेलातून आमटी ज्या काळ्या डब्यात आली त्याच डब्यात ती दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये. तांब्यापितळेच्या दोषाला भाषेत शब्द होता, म्हणून नियमही होता. प्लॅस्टिकच्या दोषासाठी आपण शब्दच तयार केला नाही. आईनं जुना शब्द उचलून नव्या डब्याला लावला तेव्हा आधी मला वाटलं, वयामुळे तिची गफलत झाली. रात्री तो डबा पुन्हा घासताना लक्षात आलं की तिनं अगदी नेमका शब्द वापरला होता.

हळदीचा डाग घ्या. आमटीचा प्लॅस्टिक डबा पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा कधी जात नाही. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. प्लॅस्टिकही खनिज तेलातूनच जन्मलेलं, त्यामुळे त्या रंगाचं आणि त्याचं जमतं. आमटीतल्या तेलाबरोबर रंग डब्याच्या भिंतीत शिरतो आणि तिथेच राहतो. लसणाच्या गंधद्रव्यांचंही तसंच. म्हणजे डब्याची भिंत आपल्याला वाटते तशी बंद नसते. आणि भिंतीतून जसं आत जाता येतं तसं बाहेरही येता येतं. प्लॅस्टिक मऊ राहावं, उन्हानं तडकू नये, रंगीत दिसावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं थोडी थोडी अन्नात उतरतात. अन्न गरम असेल, तेलकट असेल, आंबट असेल, फार काळ राहिलं असेल, डबा चरे पडून जुना झाला असेल तर जास्त उतरतात. आपल्या देशात अन्नाच्या वेष्टनांसाठी २०१८ साली केलेल्या नियमांत याची मर्यादाच घालून दिली आहे: किलोभर अन्नात एकूण ६० मिलीग्रॅम. मर्यादेच्या आत असलेला चांगला डबा म्हणजे विष नव्हे. पण काही ना काही उतरतं, हे त्या नियमानंच गृहीत धरलं आहे.

डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, घरातले बरेचसे दुधी रंगाचे डबे त्याचे. एक म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक, ते गरम पदार्थांसाठी नाहीच. सहा म्हणजे थर्माकोलच्या कुळातलं. सात म्हणजे 'इतर', आणि त्या इतरांमध्ये पॉलिकार्बोनेट येतं, काचेसारखं स्वच्छ, टणक, आपटलं तरी न फुटणारं.

या सातव्या आकड्याशी माझा हिशेब जुना आहे.

माझी मुलगी २००४ सालची. तिच्या दुधाच्या बाटल्या अशाच, पारदर्शक आणि टणक. मी त्या दिवसातून तीनदा उकळायचे. पातेल्यात खाली फडकं, त्यावर बाटल्या, घड्याळ लावून दहा मिनिटं. रात्री दोनला डोळे मिटत असतानाही मी ते चुकवलं नाही. जंतू जावेत म्हणून. पॉलिकार्बोनेट ज्यापासून बनतं त्या बिस्फेनॉल-ए या द्रव्याचे अंश उकळण्यानं, गरम दुधानं सुटत जातात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. युरोपात अशा बाटल्यांवर २०११ साली बंदी आली आणि मी ती बातमी पेपरात वाचली तेव्हा मुलगी शाळेत होती. भारतीय मानक ब्युरोनं बाळांच्या बाटल्यांच्या मानकातून पॉलिकार्बोनेट २०१५ साली वगळलं. त्यानंतर मी जे वाचलं त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. बिस्फेनॉल-ए शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं हे इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं. ते औषध म्हणून वापरता येईल का, हे पाहिलं जात होतं. पॉलिकार्बोनेटचा शोध लागला १९५३ साली. म्हणजे ज्या द्रव्याचा गुण माहीत होता त्याचंच पुढे भांडं झालं आणि त्या भांड्यात बाळाचं दूध गेलं.

माझी मुलगी धडधाकट आहे. तिला त्या बाटल्यांनी काही केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणता येणारही नाही. पण मी एवढ्या मनापासून बाटल्या उकळत होते, आणि ते करताना कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

नंतर आकडे झपाट्यानं खाली आले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं बिस्फेनॉल-एची दिवसाला चालू शकेल अशी मात्रा २०२३ साली आधीच्या वीस हजाराव्या भागावर आणली. जर्मनीच्या संस्थेला इतकी घट पटली नाही, तिनं आपला वेगळा, त्याच्या हजारपट सैल आकडा दिला. तरीही युरोपीय संघानं अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये या द्रव्याला मनाई केली आणि तो नियम जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. त्याच २०२३ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळांच्या खाऊचे प्लॅस्टिक डबे मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिले. तीन मिनिटांत, एका चौरस सेंटिमीटरमधून, चाळीस लाखांहून अधिक सूक्ष्म कण आणि दोनशे कोटींहून अधिक अतिसूक्ष्म कण सुटू शकतात असं त्यांना दिसलं. हे डबे बिस्फेनॉलवाले नव्हते, त्यात पाच आकड्याचं प्लॅस्टिकही होतं. ते वाचल्यावर मी काळ्या डब्यातली आमटी तापवणं त्या दिवशीच बंद केलं.

मग तापवायचं कशात? स्टील मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. अशी मी काचेकडे आले. आणि काच मला परकी नव्हती.

कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला आहे. लहानपणी आजोळी निघालो की टांग्यातून ओगलेवाडीला जायचं आणि वडील न चुकता सांगायचे, "इथं काच बनायची. प्रभाकर कंदील इथला." ओगले बंधूंनी १९१६ साली तिथं काचेचा कारखाना काढला. त्याच्या आधी १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून तो निधी जमवला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं. कंदिलाच्या साध्या चिमण्यासुद्धा परदेशातून येत, त्या इथं व्हाव्यात म्हणून लोकांनी पैसा पैसा दिला. आज महागड्या दुकानात काचेचे डबे बघताना मला हे आठवतं. काच ही आपल्याकडे श्रीमंतांची हौस नव्हती. तिच्यासाठी गरिबांनीही पैसा घातला होता.

संध्याकाळी चिमण्या पुसणं हे माझं काम. चुलीतली राख कापडावर घेऊन, हात आवळून चिमणीत घालायचा आणि फिरवायचा. कंदील लागल्यावर आईची एकच ताकीद, "ओला हात लावू नकोस." एकदा मी पाणी पिऊन भांडं झटकलं, दोन थेंब उडाले आणि तट्‌ करून चिमणीला तडा गेला.

त्या तड्याचंच उत्तर शोधता शोधता काच स्वयंपाकघरात आली, हे मला फार पुढे कळलं. अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नल-कंदिलांच्या काचा पावसाचं गार पाणी पडलं की तडकायच्या. कॉर्निंग या काच कारखान्यानं म्हणून तापल्यावर फारशी न फुगणारी काच तयार केली. जर्मनीत येना गावात ऑटो शॉट यांनी बोरॉन घालून अशी काच त्याआधीच साधली होती. साध्या काचेत वाळू, सोडा आणि चुना. हिच्यात सोडा-चुना कमी आणि बोरॉन असतं, तेच बोरॉन जे सोनाराच्या टाकणखारात असतं. त्यामुळे ती तापल्यावर साध्या काचेच्या एक तृतीयांशच फुगते, आणि म्हणून तडकत नाही. ती काच बॅटरीच्या बरण्यांसाठी वापरत. १९१३ साली कॉर्निंगमधले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या बायकोचं, बेसींचं, भट्टीत ठेवायचं भांडं फुटलं. तिला घरी काम येईल असं काही आण म्हटल्यावर त्यांनी बॅटरीच्या बरणीची बुडं कापून आणली आणि तिनं त्यात केक भाजला. केक नीट भाजला गेला, चिकटला नाही, बाहेरून दिसत होता. दोन वर्षांनी, १९१५ साली, ती भांडी बाजारात आली. ओगलेवाडीचा कारखाना त्याच्या पुढच्याच वर्षीचा.

बेसीबाईंच्या त्या दुपारीबद्दल मला फार आपुलकी वाटते. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला कशात काय ठेवायचं ते कळतं, तिला नीट भांडं मिळालं की झालं.

मी घरातलं प्लॅस्टिक एका दिवसात काढलं नाही, आणि कुणी काढावं असं सांगणारही नाही. रवा, पोहे, डाळी, साबुदाणा कोरडे असतात, ते होते तिथं, म्हणजे बहुतेक स्टीलच्या डब्यांत, राहिले. प्लॅस्टिकमधून काढून काचेत नेले ते तीनच प्रकार: गरम, तेलकट, आंबट. आमटी, भाजी, चक्का, दही, लोणचं, चटण्या, वाटलेलं खोबरं. रविवार पेठेत जाऊन आधी चार डबे आणले. विकत घेताना दोन जाती असतात एवढं पाहावं. बोरॉनची काच उष्णता सोसते. दुसरी कडक केलेली साधी काच, ती आपटली तरी सहजी फुटत नाही आणि फुटलीच तर तिचे बारीक तुकडे होतात, पण एकदम गार-गरम तिला तितकं सोसत नाही. मायक्रोवेव्हसाठी मी पहिली घेतली. तरीही फ्रीझरमधून काढलेला डबा थेट तापवत नाही, आणि गरम डबा ओल्या ओट्यावर ठेवत नाही, खाली घडी घातलेलं फडकं. आईची ओल्या हाताची ताकीद अजून हातात आहे. फ्रीझरमध्ये ठेवताना वर बोटभर जागा सोडायची, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. आणि झाकण. झाकण बहुतेक वेळा प्लॅस्टिकचंच असतं, हे विसरायचं नाही. तापवताना ते काढून वर बशी ठेवते. झाकणाच्या खाचेतली रबरी रिंग आठवड्यातून एकदा काढून धुवावी लागते, नाही तर वास तिथं दबा धरून बसतो.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी ते डबे पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या सिंकपासून दोन पावलं मागं सरकल्या. "ताई, हे फुटलं तर? आधीच्या घरी पगारातून कापले होते."

हे मला सुचलंच नव्हतं. काच आणायचं मी ठरवलं होतं, तिची भीती मात्र त्यांच्या हातात जाणार होती. मी म्हटलं, "मावशी, फुटलं तर फुटलं. तुमच्या हातून फुटो की माझ्या. एक पैसा कापायचा नाही." तरी पहिले काही आठवडे काचेचे डबे मीच धुतले, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. पुढे एक डबा फुटला तो माझ्याच हातून, फ्रिजच्या दारातून निसटून. अर्धा तास तुकडे वेचले, ओल्या कापसानं फरशी टिपली. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहिलं आणि कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळं दिलं. काच घरात आणणाऱ्यानं एवढं तरी करायला हवं. तिचा त्रास वजनाचा आहे, जपणुकीचा आहे, पण तो सगळा समोर दिसतो.

तिच्यात अन्नही दिसतं. फ्रिज उघडला की कालची उसळ कुठं आहे ते कळतं. अपारदर्शक डब्यांत अन्न विसरलं जायचं आणि चौथ्या दिवशी टाकून द्यावं लागायचं, ते आता फार कमी झालं. आणि गेल्या महिन्यात लसणीची चटणी संपली, तो डबा साबणानं एकदा धुतला आणि त्यातच मुद्दाम चक्का ठेवला.

आई राहायला आली होती. तिला काही सांगितलं नाही. वाटीत श्रीखंड घालून दिलं. तिनं खाल्लं, वाटी पुढे केली, मी आणखी वाढलं.

जेवणानंतर मावशी यायला वेळ होता, तर आईनं तो रिकामा डबा स्वतःच धुवायला घेतला. मी नको म्हणेपर्यंत तिनं फडकं घेतलं होतं. बोटं एकत्र आवळून हात आत घातला आणि मनगट गोल फिरवलं. मग डबा तोंडाजवळ नेऊन आत हलकेच श्वास सोडला, उरलेला एक ठसा पुसला, आणि ट्यूबलाइटच्या दिशेनं धरून आरपार पाहिलं.